थोरल्याचं शेपूट, धाकट्याचं तोंड

आत-बाशी,
गवतकापणीचे दिवस

माझ्या थोरल्या बहिणीला, तुर्सुनाय एजेला, धाकट्या तेमिरकुलचा छातीवर हात ठेवून सलाम.

जीव आणि जनावरं सुखरूप आहेत ना? रिस्कुल भाऊजींचा खोकला थांबला का? पोरींचा अभ्यास, तुझी दवाखान्यातली पाळी, अंगणातलं जर्दाळूचं झाड, सगळं ठीक असेल असं धरून चालतो. आम्ही इथे खुशाल आहोत. (खुशाल म्हणजे नक्की किती, ते खाली येईलच.) झूरा तुला सलाम सांगते. ती आत्ता पलीकडच्या खोलीत आहे, म्हणून अक्षर बारीक काढतोय, डोळ्यांना त्रास झाला तर क्षमा कर. हातात फोन असताना या शहाण्याला पत्र लिहायची बुद्धी का झाली, असं तुला वाटेल. एजे, बोललेलं कुठे कुठे शिल्लक राहतं ते मला या उन्हाळ्यात कळलं, आणि तेव्हापासून मी फोनवर फक्त हो, नाही आणि हवामान एवढंच बोलतो. पत्र तोकमोकच्या गाडीवाल्याबरोबर पाठवतोय. ते कुरुताच्या, त्या दह्याच्या सुक्या गोळ्यांच्या, पिशवीत तळाशी आहे. (गाडीवाल्याला दुसऱ्याची पत्रं वाचायची सवय आहे, पण तो आळशी आहे, तळापर्यंत जाणार नाही.)

माझ्या सासुरवाडीचं थोडंफार तुला ठाऊक आहे. आमच्या लग्नात तूच विचारलं होतंस की नवरीचे दोन भाऊ दस्तरखानाच्या दोन टोकांना एकमेकांकडे पाठ करून का बसलेत. कारण एक घोडा. थोरले असानकुल बायके यांचा काश्का, कपाळावर पांढरा पट्टा असलेला. धाकटे एसेनगेल्दी बायके यांनी तो कोक-बोरूच्या सामन्यासाठी मागून नेला (बोकडाच्या एका धडासाठी स्वार एकमेकांच्या अंगावर घोडे घालतात तो खेळ मी नेहमी छपरावरूनच पाहत आलोय), आणि परत आणला तो लंगडत. थोरले म्हणाले, तू मोडलास. धाकटे म्हणाले, तू मोडकाच दिलास. बस्स. त्या दिवसापासून अबोला. पुढे घोडा कुणाला तरी देऊन टाकला, अबोला तेवढा घरात राहिला. दोघांच्या अंगणांमध्ये एकच कुंपण आहे. थोरल्यांना पाटाचं पाणी सोडायचं असलं की ते कुंपणाशी येऊन आपल्या कुत्र्याला तसं सांगतात, आणि पलीकडून धाकटे आपल्या कुत्र्याला सांगतात की बरं, सोडू दे. कुत्री दोन्ही समंजस आहेत, मध्ये भुंकत नाहीत.

आता आपांचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, पंचाहत्तरीचा तोय, मोठ्या मेजवानीचा समारंभ, ठरला. मेंढ्या ठरल्या, बाजारामागचं कॅफे ठरलं, पाहुणे ठरले, आणि मग मुलांपैकी शुभेच्छा आधी कुणी बोलायच्या यावर सगळं अडलं. आपल्यात थोरला आधी बोलतो, हे खरं. पण आपल्यातच आईला धाकटा सांभाळतो, चूल त्याची, म्हणून यजमान तो, आणि यजमान आधी बोलतो, हेही खरंच. दोघांनी आपापल्या कुत्र्यामार्फत कळवलं की दुसरा आधी उभा राहिला तर आम्ही उभेच राहणार नाही. आपांनी हे ऐकलं आणि शांतपणे जाहीर केलं की दोघं एकाच पोटातून आलेत, तेव्हा मला दोघांचा आवाज एका दमात ऐकायचा आहे, कुणी आधी नाही, कुणी नंतर नाही. आणि तसं झालं नाही तर मी माझी गादी उचलून मुलीकडे राहायला जाईन.

मुलगी म्हणजे झूरा, एजे. झूराचं घर म्हणजे माझं घर. दोन दोन मुलगे असताना आई जावयाच्या दारात राहिली तर मुलांची नाचक्की किती, ते सांगायला नको, पण माझ्या जिवाला घोर लागला तो वेगळाच. आमच्याकडे खोल्या दोन. आपा पहाटे उठतात आणि उठल्या की घरातलं कुणी निजलेलं त्यांना चालत नाही.

समारंभाचे सूत्रधार किदिराली. पूर्वी शाळेत गणित शिकवायचे, आता लग्नं आणि तोय चालवतात. त्यांनी खूप विचार करून तोडगा काढला: दोघांचं बोलणं वेगवेगळं रेकॉर्ड करायचं, एकात एक मिसळायचं आणि कर्ण्यावर लावायचं. मिसळणार कोण? तर जावईबाळ. जावईबाळ रेडिओत आहेत. आता, मी रेडिओत आहे हे खरं, पण तिथे मी काय करतो ते तुला ठाऊक आहे. हवामान वाचतो आणि हरवलेल्या जनावरांच्या सूचना वाचतो. आवाजाची कापाकापी आणि जोडाजोड उपेल नावाची मुलगी करते, आणि ती ऐन वेळी सासरच्या माणसांबरोबर वर कुरणावर गेलेली, जिथे फोनला रेंज नाही. मी हे सगळं किदिरालींना समजावून सांगितलं. ते म्हणाले, जावयानं नाही म्हणायचं नसतं. (हे गणितात कुठे येतं, मला माहीत नाही.)

तर रेकॉर्डिंग घेऊन मी आधी थोरल्यांकडे गेलो. कोट घालून, टोपी घालून बसले होते. फार सुंदर बोलले, एजे, माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. शेवटी आमीन म्हणून तळहात चेहऱ्यावरून फिरवले, टोपी काढली आणि मला म्हणाले, "बंद केलंस ना? बरं. तू बाहेरचा म्हणून सांगतो. काश्का दिला तेव्हा आधीपासूनच लंगडत होता. पण हे त्याला कळता कामा नये." यंत्र बंद नव्हतं. मी बंद करायला हात पुढे केला होता, पण वाक्य इतकं मोठं होतं की हात तसाच राहिला. मग मी धाकट्यांकडे गेलो. त्यांचं रस्त्याकडेला टायर दुरुस्तीचं दुकान आहे, हवा भरायचं यंत्र धडधडत होतं. मी बटण दाबलं, त्यांनी हात पुसले आणि म्हणाले, "अजून सुरू नाही ना केलंस? मग एक ऐक. घोडा मी ओढ्यावरून उडवला, तेव्हाच त्याचा पाय गेला. थोरल्याला कळलं तर जन्मभर माझ्या मानेवर बसेल." आणि मग घसा खाकरून, "आपा, तुम्ही शंभर वर्षं जगा," असं सुरू.

म्हणजे बघ. इतकी वर्षं ज्याच्यावर अख्खी आळी दोन तट करून बसली, त्याचा निकाल दोन्ही बाजूंनी माझ्या एकट्याच्या खिशात. मला जेवण जाईना. झूरा विचारायची काय झालं, मी म्हणायचो दाढ. तिनं लवंग दिली. ती चघळत मी रेडिओवर हवामान वाचलं आणि स्वच्छ ऊन पडणार असताना गारपीट सांगितली. (दोन घरांनी गवत घाईनं आत नेलं. गारपीट झाली नाही, पण त्यांनी आभार मानले.)

मग जोडकाम. संगणकावर आवाज दिसतो तो रंगीत पट्टीसारखा, आत सुरवंट असावा तसा. थोरल्यांची निळी पट्टी, धाकट्यांची हिरवी. पहिलं काम केलं ते निळ्या पट्टीचं शेपूट आणि हिरव्याचं तोंड छाटून टाकलं, म्हणजे ती दोन्ही वाक्यं गेली. इतकं हलकं वाटलं की मी उठून चहा प्यालो. मग पट्ट्या एकमेकींना भिडवून ऐकल्या, तर थोरल्यांचं आमीन संपतं न संपतं तोच 'टक्' असा आवाज होऊन धाकटे बोलायला लागायचे, जणू भावाच्या थोबाडीत मारून. मध्ये थोडी मोकळी जागा सोडली, तर ती जागा अबोल्यासारखीच वाटली. अखेर उपेलला फोन लावत सुटलो. पहिल्या दिवशी लागला नाही. दुसऱ्या दिवशी ती एका खडकावर चढलेली असताना लागला. वारा प्रचंड. तिनं सांगितलं की दोन तुकडे एकमेकांवर थोडे चढव, एकाचा आवाज उतरत जातो आणि दुसऱ्याचा चढत येतो, याला क्रॉसफेड म्हणतात. मांडीवरचं मूल दुसऱ्याच्या मांडीवर देताना आपण पटकन सोडत नाही, समोरच्यानं धरलं की मग सोडतो, तसं. मी विचारलं, चढवताना काही कमी-जास्त झालं तर? ती म्हणाली, "काळजी करू नका, कापलेलं कुठेही जात नाही, ते फक्त..." आणि तिथे फोन गेला. मला वाटलं, किती धीर देणारी मुलगी आहे.

क्रॉसफेड केला. पहिल्या वेळी सरळ रेघांचा झाला, त्यात मधोमध दोघांचाही आवाज इतका खाली जायचा की दोघं मिळून कुठे बाहेर गेलेत असं वाटायचं. मग वाकड्या रेघांचा केला, तो बरा झाला. थोरल्यांच्या आमीनच्या शेवटी अगदी अलगद धाकट्यांचा श्वास उमटायचा, आणि खाली त्या हवा भरायच्या यंत्राची बारीक धडधड. ऐकून ऐकून ती मला पाठ झाली. एजे, खोटं नाही सांगत, थोडा अभिमानही वाटला. तिथेच थांबायला हवं होतं.

तोयच्या दिवशी कॅफेत पाहुणे बसतायत, मी जावयाच्या कामाला, म्हणजे झारी घेऊन पाहुण्यांच्या हातांवर पाणी घालायला लागलो होतो, तेवढ्यात किदिराली मला ओढत लॅपटॉपकडे घेऊन गेले. म्हणाले, मी ऐकलं, छान आहे, पण यात थोरलाच आधी आहे. मी म्हटलं, कुणीतरी आधी असणारच, ही पट्टी आहे, चूल नाही की सगळ्या बाजूंनी एकदम पेटेल. ते म्हणाले, धाकट्यानं आत्ताच बजावलंय, दोघं एकत्र बोलताना नीट ऐकू आलं नाही तर मी आईला घेऊन पानावरून उठेन. किती वेळ एकत्र बोलवता येईल? मी म्हटलं, ओढू तितका. ते म्हणाले, मग ओढ.

मी ओढला, एजे. निळं शेपूट उजवीकडे लांबलं, हिरवं तोंड डावीकडे लांबलं, आणि दोन्हींची फुली पडद्यावर इतकी देखणी दिसायला लागली की मी छाटलेलंच शेपूट आणि छाटलेलंच तोंड पुन्हा बाहेर येतंय हे माझ्या टाळक्यात आलंच नाही. ऐकून पाहायला कर्णे मोकळे नव्हते. ते गाणारीला दिले होते. शिवाय आपांनी हाक मारली, पाण्याची झारी कुठे गेली म्हणून. मी पाणी घालत फिरलो. एका म्हाताऱ्याच्या हातांऐवजी बाहीवर घातलं.

गाणं संपलं आणि किदिरालींनी बटण दाबलं. थोरल्यांचा आवाज घुमला. सगळे माना डोलवायला लागले, आपा डोळे मिटून बसलेल्या. थोरले कर्ण्यातून आमीन म्हणाले, तसे सगळ्या पाहुण्यांनी तळहात वर उचलले. आणि हात चेहऱ्यापर्यंत पोचतात न पोचतात तोच कर्ण्यातून एकात एक गुंतून यायला लागलं: बंद केलंस ना... अजून सुरू नाही ना केलंस... काश्का दिला तेव्हा... घोडा मी ओढ्यावरून उडवला... आधीपासूनच लंगडत होता... तेव्हाच त्याचा पाय गेला... त्याला कळता कामा नये... जन्मभर माझ्या मानेवर बसेल... आणि मग अगदी स्वच्छ, एकट्या धाकट्यांचा आवाज: आपा, तुम्ही शंभर वर्षं जगा.

अख्ख्या कॅफेचे तळहात चेहऱ्यासमोर तसेच राहिले. आता खाली घ्यावेत की चेहऱ्यावरून फिरवावेत, कुणालाच कळेना. त्या बोटांच्या फटींतून प्रत्येक जण दोन भावांकडे पाहत होता. झूरा माझ्याकडे पाहत होती. मी झारीकडे. कर्ण्यातले धाकटे एकटेच आनंदात होते, आम्ही दोघं भाऊ तुमच्या डाव्या-उजव्या हातासारखे, असं काहीबाही सांगत होते. ते संपलं तेव्हा आपांनी डोळे उघडले.

"अर्धंच ऐकू आलं," त्या म्हणाल्या. "पुन्हा लाव, बाळा."

मी सांगून पाहिलं की यंत्र तापलंय. त्या म्हणाल्या, यंत्राला सांग आई सांगतेय. पुन्हा लावलं. या खेपेला पाहुणे पुढे सरकून ऐकायला बसले. थोरले उठले आणि कुणाकडे न पाहता मागच्या दारानं बाहेर गेले. धाकट्यांनी हातातलं तळलेलं बोर्सोक परत ताटात ठेवलं आणि ते त्यांच्या मागे गेले. आता ही माणसं एकमेकांचा जीव घेणार, हे सगळ्यांना दिसत होतं, आणि अशा वेळी पाहायला कुणाला पाठवतात ते तुला ठाऊक आहेच. सासूबाईंनी नुसती हनुवटी दाराकडे केली.

मागच्या बाजूला कढया चढल्या होत्या. वाफेच्या पलीकडे दोघं उभे. मी एका कढईआड थांबलो.

"पुढचा डावा," थोरले म्हणत होते. "दाणा टाकायला गेलो की उचलून धरायचा. मला ठाऊक होतं."

"ठाऊक होतं आणि तसा दिलास?"

"मागायला आलास तू. नाही म्हटलं असतं तर आपांकडे गेला असतास."

"आणि मागचा उजवा माझ्यामुळे गेला," धाकटे म्हणाले. "पूल होता. मी पुलावरून नेला नाही."

"का?"

"लोक बघत होते."

आचाऱ्यानं कढईत डाव फिरवला. मग थोरले म्हणाले, "म्हणजे पुढचा माझा आणि मागचा तुझा." धाकट्यांनी मान हलवली. थोरल्यांनी खिशातून रुमाल काढून नाक पुसलं आणि तोच रुमाल पुढे केला. धाकट्यांनी घेतला. एजे, मी मोठ्यानं सुस्कारा सोडला. तीच चूक झाली. दोघांनी एकदम वळून पाहिलं.

"हा ऐकत होता," धाकटे म्हणाले.

"हा नेहमीच ऐकत असतो," थोरले म्हणाले.

इतक्या वर्षांत दोघांचं एकमत झालं ते यावर. आत आले तेव्हा खांद्याला खांदा लावून आले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आपांनी दोघांच्या तोंडात एकाच हाडाचं मांस भरवलं, आणि मला मात्र दोघांनी मिळून दाराजवळच्या वाऱ्यात बसवलं. तेही मी सोसलं असतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मधलं कुंपण पाडलं. तेव्हापासून पाटाचं पाणी, मेंढ्या, चुलीचा धूर, सगळ्या गोष्टींवर पहाटेपासून समोरासमोर ओरडून चर्चा चालते, इतकी वर्षं न बोललेलं सगळं भरून काढायचंय जणू. कुत्री बिथरून गल्लीत जाऊन बसलीत. त्या कलकलाटाला कंटाळून आपा गादी घेऊन आमच्याकडे आल्यात. म्हणतात, मुलांचं भांडण मिटलं, आता मला चार दिवस शांत झोपू द्या. आमच्याकडे त्या झोपतात कुठे, हा प्रश्न वेगळा. मी हे पत्र गोठ्यात बसून संपवतोय.

भाऊजींना सलाम, पोरींच्या कपाळाचे माझ्या वतीनं मुके घे. कुरुत जरा खारट झालंय, पण हात झूराचा आहे, वाईट म्हणू नकोस.

तुझा, अजून दोन्ही पाय धड असलेला,
तेमिरकुल

ता. क. मुख्य गोष्ट राहिली. दोन्ही भावांनी मिळून एक नवा घोडा घेतलाय, तरणा, काळा आणि चावरा. शरदातल्या कोक-बोरूला तो उतरवायचाय. पण थोरले बसले आणि घोडा मोडला तर धाकटे बोलणार, धाकटे बसले तर थोरले बोलणार, तेव्हा मोडायचाच असेल तर तो तिसऱ्याच्या हातून मोडावा असं दोघांनी ठरवलंय. तिसरा मी. मी घोड्यावर शेवटचा बसलो तेव्हा तू लगाम धरून पुढे चालत होतीस. आता आपल्या घरात वडीलधारी तूच, म्हणून हात जोडून मागणं आहे: सासूबाईंच्या नावानं दोन ओळी लिही की आमच्या आजोबांनी शपथ घातली आहे, घरातल्या कुणी कोक-बोरू खेळायचं नाही. शपथ घातलेली नाही हे मला माहीत आहे, पण आजोबा नाकारायला येणार नाहीत. अक्षर मोठं काढ, आपा चष्मा लावत नाहीत.

ता. क. दुसरा. झूरा गोठ्यात आली आणि माझ्या खांद्यावरून सगळं पत्र वाचून गेली. घोड्याच्या पायांचं वाचून ती इतकी हसली की गाय उठून उभी राहिली. ती म्हणते, त्या वर्षी काश्काला चारा-पाणी तीच करायची, आणि त्याच्या पायाला कधी काही झालंच नव्हतं. ना पुढच्या, ना मागच्या. खोगीर दिसलं की लंगडायचा. माणसं वळली की नदीपर्यंत चौखूर धावून यायचा. मी विचारलं, मग इतकी वर्षं गप्प का बसलीस? म्हणाली, मला कुणी विचारलंच नाही, आणि सांगितलं असतं तर दोघांनी मिळून माझ्याशी अबोला धरला असता. तेव्हा हे तुझ्याजवळच ठेव. आणि शपथेचं पत्र लिहायला मन होत नसेल तर राहू दे, फक्त एवढं सांग: खोगीर दिसलं की लंगडायचं, हे माणसाला सामना होईपर्यंत निभावता येतं का? तू दवाखान्यात आहेस, तुला कळेल. कुठला पाय सोयीचा, तेवढं याच गाडीवाल्याबरोबर कळव.